कागद घेतल्यावाचून घर सोडू नका

होळी झाली की आमच्या भागातील तरुण बाहेरगावी निघतात आणि मृगाचा पाऊस पडला की परततात. पूर्वी ते वीटभट्टीवर किंवा खडी फोडावयास जात. आता त्यांच्यापैकी काहींच्या हाती आय.टी.आय.चे प्रमाणपत्र आहे. ते मोठ्या शहरात जाऊन लोकांच्या घरांवर चोरीपासून रक्षण करणारे कॅमेरे बसवितात. उन्हाळ्याच्या सुटीत शहरातील कुटुंबे घराला कुलूप लावून परगावी जातात. निघण्यापूर्वी दारावर कॅमेरा आणि धोक्याची सूचना देणारी घंटा बसवून घेण्याची त्यांना घाई असते. दसरा-दिवाळीच्या सुमारासही तीच घाई. या घाईतून हा हंगामी रोजगार निर्माण झाला आहे.

डोक्यावरची पाटी जाऊन हाती ड्रिल आले, ही प्रगती होय यात शंका नाही. आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन मुलाला शिकविले, त्याचे हे फळ आहे. परंतु पाटी उचलणाऱ्या बापाला ज्याप्रमाणे आपल्या मजुरीचा हिशेब कधी कळला नाही, त्याचप्रमाणे ड्रिल धरणाऱ्या मुलालाही तो कळत नसेल, तर या प्रगतीचे मोल काय? हा प्रश्न मला एका प्रकरणावरून पडला. ते प्रकरण वाचकांपुढे मांडणे मी माझे कर्तव्य समजतो.

एका हंगामाचा हिशेब

मागील हंगाम संपल्यावर नांदेड जिल्ह्यातील एका खेड्यातून एक तरुण माझ्या कचेरीत आला. वय २२ वर्षे, वीजतंत्रीची परीक्षा उत्तीर्ण. हैदराबादेत एका ठेकेदाराकडे त्याने ४७ दिवस काम केले होते. दर ‘पॉइंट’ला १५० रुपये, असे तोंडी ठरले होते. कॅमेरा भिंतीवर घट्ट बसवावयाचा, केबल ओढून पट्टीत झाकावयाची, ती रेकॉर्डरला जोडावयाची आणि घरमालकाच्या मोबाईलवर चित्र दिसू लागेपर्यंत तेथून हलावयाचे नाही. एवढे झाले म्हणजे एक पॉइंट पुरा होतो. सकाळी आठला शिडी खांद्यावर घेऊन निघावे आणि रात्री आठ-नऊला खोलीवर परतावे, असा नेम. एका खोलीत सात जण राहत.

४७ दिवसांत त्याने २१२ पॉइंट बसविले. त्याचे ३१,८०० रुपये झाले. त्यातून खोलीभाडे ६,०००, खानावळ ७,०५०, मोडतोड ५,४०० आणि निघताना घेतलेली उचल ५,००० रुपये अशी वजावट झाली. शिवाय ‘मागाहून तक्रार आली तर’ या सबबीवर ६,००० रुपये पुढच्या हंगामापर्यंत ठेवून घेण्यात आले. हाती पडले २,३५० रुपये. एवढ्यावर हे थांबले नाही. त्याचे आय.टी.आय.चे मूळ प्रमाणपत्र ठेकेदाराने पहिल्याच दिवशी मागून घेतले होते. ते पुढच्या हंगामाला आलास म्हणजे मिळेल, असे त्याला सांगण्यात आले. दरम्यान शिकाऊ उमेदवारीची एक मुलाखत आली. मूळ प्रमाणपत्र दाखविता आले नाही म्हणून ती जागा गेली.

मी त्याला विचारले, “तुझ्याजवळ कागद काय आहे?”

तो म्हणाला, “वकीलसाहेब, या कामात कागद कोण देतो?”

कागद नव्हता, पण एक वही होती. हा मुलगा रोज रात्री घरी फोन करी आणि आज कोणत्या वस्तीत, कोणत्या इमारतीत किती कॅमेरे बसविले ते सांगे. त्याची नववीत शिकणारी बहीण आपल्या गणिताच्या वहीच्या मागील पानांवर तारीख घालून ते लिहून ठेवी. भावाच्या कौतुकाने ती लिहीत होती. आपण पुरावा तयार करीत आहोत, याची तिला कल्पनाही नव्हती. २१२ हा आकडा त्या वहीतून आला आहे. ठेकेदाराच्या हिशेबात १७४च पॉइंट होते. बहिणीची वही आणि ‘उद्या आठला साईटवर, पाच पॉइंट’ अशा स्वरूपाचे ठेकेदाराचे मोबाईलवरील संदेश समोरासमोर ठेवले, तेव्हा १७४चे २१२ झाले आणि वरील हिशेब निघाला.

आम्ही नोटीस पाठविली. उत्तर आले की, सदर इसम आमचा कामगार नसून स्वतंत्र उप-ठेकेदार आहे. सबब वेतनाचा प्रश्नच उद्भवत नाही.

‘ठेकेदार’ कोणास म्हणावे?

या एका वाक्यात या धंद्याचे सारे मर्म साठविलेले आहे. रोजंदारीऐवजी नगावर पैसे द्यावयाचे, हंगामापुरतेच बोलवावयाचे आणि माणसाला ‘कामगार’ न म्हणता ‘ठेकेदार’ किंवा ‘भागीदार’ म्हणावयाचे. नाव मोठे दिले म्हणजे दाम छोटे देता येते. आमचा तरुणही भुलतो. गावात सांगताना ‘मी हैदराबादेत कंत्राट घेतो’ असे म्हणावयास त्याला बरे वाटते. परंतु बंधूंनो, ज्याच्याजवळ स्वतःचा माल नाही, स्वतःचे गिऱ्हाईक नाही आणि दर ठरविण्याचा अधिकारही नाही, तो कसला ठेकेदार?

मालकाचा हा युक्तिवाद जुना आहे आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचा विचार फार पूर्वी केलेला आहे. सौराष्ट्रातील ध्रांगध्रा येथील रसायन कारखान्याच्या मिठागरांवर आगरिया लोक हंगामापुरते येत. प्रत्येकाला जमिनीचा तुकडा नेमून दिला जाई आणि पिकविलेल्या मिठाच्या मणामागे पैसे मिळत. कामाचे तास ठरलेले नव्हते. मदतीला स्वतःची माणसे लावण्याचीही मुभा होती. हे स्वतंत्र ठेकेदार आहेत, असे कंपनीचे म्हणणे होते. १९५६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले आणि आगरिया हे कामगारच आहेत असा निर्णय दिला. काम कसे करावयाचे हे सांगण्याचा व त्यावर देखरेख ठेवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हा प्रश्न न्यायालयाने महत्त्वाचा मानला.

दुसरे उदाहरण आपल्या नागपूरचे. तेथील एका विडी कारखान्यातील कामगार नगावर मजुरी घेत आणि त्यांच्या येण्याजाण्याच्या वेळेवर कडक बंधन नव्हते. तरीही ते कामगारच ठरले. तिसरे उदाहरण शिवणकामाच्या दुकानातील शिंप्यांचे. हे शिंपी नगावर पैसे घेत आणि काहीजण कापड घरीही नेत. १९७३ साली न्यायालयाने पाहिले की यंत्र दुकानाचे आहे आणि शिवण पसंत पडली नाही तर ती उसवून पुन्हा शिवावयास लावण्याचा अधिकारही दुकानदाराचा आहे. तेव्हा तेही नोकरच ठरले.

आता ही कसोटी आपल्या तरुणाला लावून पाहा. कोणत्या घरी जावयाचे हे ठेकेदार सांगतो. कॅमेरा, रेकॉर्डर, केबल त्याची. अंगावरचा सदरा त्याच्या नावाचा. गिऱ्हाईक पैसे त्यालाच देते. चित्र अंधुक आले, तर दुसऱ्या दिवशी विनामोबदला जाऊन ते नीट करून यावयास तोच फर्मावितो. प्रत्येक दाव्याचा निकाल त्या त्या पुराव्यावर लागतो, हे वकील म्हणून मला सांगितलेच पाहिजे. परंतु पुरावा असा असेल तर केवळ ‘उप-ठेकेदार’ या शब्दाच्या आड लपून कोणालाही वेतनाची जबाबदारी टाळता येऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कायदा काय देतो आणि कोठे थांबतो

किमान वेतनाचे विधेयक ११ एप्रिल १९४६ रोजी मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले गेले, तेव्हा ते मांडणारे मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. १९४८ साली त्याचा कायदा झाला. आज त्या कायद्याची जागा वेतन संहिता, २०१९ हिने घेतली आहे. चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आहेत. वेतन संहितेतील काही गोष्टी प्रत्येक घरात माहीत असावयास हव्यात.

नगावर काम करणाऱ्यासाठी नगाचा किमान दर ठरलेला नसेल आणि वेळेचा ठरलेला असेल, तर त्याला वेळेच्या किमान दरापेक्षा कमी देता येत नाही. महिन्याच्या पगाराचे पैसे पुढील महिन्याच्या सात तारखेपर्यंत द्यावयाचे असतात. काम सोडले किंवा काढून टाकले, तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब पुरा करावा लागतो. एका वेतनकालातील सर्व वजावट मिळून वेतनाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नये. मोडतोडीची रक्कम कापावयाची तर ती वस्तू त्या कामगाराच्या ताब्यात दिलेली असली पाहिजे, नुकसान त्याच्या निष्काळजीपणाने झालेले असले पाहिजे आणि कापण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. आमच्या तरुणाला कोणी काही विचारले नव्हते. भिंत ओलसर होती, खिळपट्टी धरली नाही आणि कॅमेरा पडला, एवढे सांगण्याचीही संधी त्याला मिळाली नाही. ‘पुढच्या हंगामापर्यंत ठेव’ या नावाची वजावट तर कायद्याच्या यादीत कोठेच नाही.

दावा दाखल करावयास तीन वर्षांची मुदत आहे. पैसे दिले आहेत हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. मागणी खरी ठरली, तर मूळ रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत नुकसानभरपाई देवविण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. मालकाने पैसे दिले नाहीत, तर ज्याच्या आस्थापनेत काम झाले त्या कंपनीवर किंवा धन्यावर ती जबाबदारी येते. ही तरतूद या धंद्यात विशेष मोलाची आहे. कारण लहान ठेकेदार पुष्कळदा खरेच रिकाम्या हाताचा असतो. वरच्या कंपनीने त्याचेही पैसे अडकवून ठेवलेले असतात.

इतके चांगले सांगितल्यावर कायद्यातील उणेही सांगितले पाहिजे. प्रत्येक नोकराला नेमणुकीचे पत्र द्यावे, असे व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहिता, २०२० म्हणते. पण ही संहिता सामान्यतः दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू होते. परप्रांतात गेलेल्या कामगारांसंबंधीचा १९७९चा कायदा पाच कामगारांपासून लागू होत असे. नव्या संहितेतील त्याविषयीचे प्रकरण दहापासून लागू होते. कंत्राटी कामगारांविषयीची मर्यादा वीसवरून पन्नासवर गेली. जुन्या कायद्यात गाव सोडून जाण्याबद्दल विस्थापन भत्ता होता. नव्या संहितेत प्रवासभत्ता उरला आहे, विस्थापन भत्ता नाही. एका खोलीत सात मुले ठेवणारा ठेकेदार या दहाच्या रेघेच्या अलीकडेच राहतो आणि राहील. शिवाय हे संरक्षण प्रांताची हद्द ओलांडणाऱ्यास आहे. नांदेडहून हैदराबादेस जाणारा परप्रांतीय कामगार ठरतो. गडचिरोलीहून मुंबईस जाणारा, त्याहून कितीतरी लांब जाऊनही, ठरत नाही. घर सोडण्याचे दुःख हद्दीच्या दगडावर मोजता येते काय? या मर्यादा खाली आणल्या पाहिजेत आणि नेमणुकीचे पत्र एका कामगारासही दिलेच पाहिजे, अशी मागणी आपल्या संघटनांनी करावयास हवी.

मजुरीतून मधल्यामध्ये थोडे थोडे कापून घेण्याची ही रीत नवी नाही. दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धांची बांधकामे चालू असताना परप्रांतीय मजुरांची किमान मजुरी दिवसाला ९ रुपये २५ पैसे होती. तिच्यातून जमादार एक रुपया काढून घेत. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, किमान वेतनाहून कमी पैशात काम करवून घेणे ही घटनेच्या २३व्या अनुच्छेदाने मना केलेली सक्तीची मजुरी होय. कारण माणूस भुकेच्या सक्तीनेच असे काम पत्करतो. जमादाराच्या त्या एका रुपयापासून आजच्या ‘मोडतोडी’पर्यंत फरक फक्त नावाचा आहे.

राखण करणाराच संशयित

या कामात आणखी एक धोका आहे आणि तो पैशाहून मोठा आहे. घराचे कोणते दार कच्चे आहे, कॅमेऱ्याला कोणता कोपरा दिसत नाही आणि यंत्राचा पासवर्ड काय आहे, हे बसविणाऱ्याला माहीत असते. पुढे त्या घरी चोरी झाली, तर पहिले बोट कोणाकडे वळणार? परगावचा, भाड्याच्या खोलीत राहणारा, ज्याला ओळखणारे तेथे कोणी नाही असा मुलगाच आठवणार. मग त्याचे गाव विचारले जाते, आडनाव विचारले जाते.

घराच्या रक्षणासाठी कॅमेऱ्याची योजना कोणी केली, हे येथे सांगण्याजोगे आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणारी मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन ही कृष्णवर्णीय परिचारिका वेळी-अवेळी कामावर जाई-येई. बोलाविल्यावर पोलीस त्या वस्तीत वेळेवर येत नसत. तिने आणि तिच्या वीजतंत्रज्ञ पतीने दारापलीकडचा माणूस घरात बसून पाहता येईल अशी योजना आखली. १९६६ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ साली ते मिळाले. एका श्रमजीवी कुटुंबाच्या असुरक्षिततेतून हे यंत्र जन्मले. तेच यंत्र बसविणारा श्रमजीवी आज स्वतः असुरक्षित राहावा, ही खेदाची गोष्ट आहे.

यावर उपाय साधा आहे. काम संपल्यावर पासवर्ड घरमालकाकडूनच बदलवून घ्यावा. तो घालीत असता आपण पाठ फिरवावी. ‘काम पुरे झाले, पासवर्ड मी स्वतः घातला’ एवढे दोन ओळींत लिहून त्याची तारखेसह सही घ्यावी आणि त्या कागदाचे छायाचित्र घरी पाठवावे. पोलिसांनी बोलाविलेच तर घाबरून पळू नये. पळणे हा आपल्याविरुद्धचा पुरावा होतो. अटक आवश्यक नसेल तेथे हजर राहण्याची नोटीस द्यावयाची असते. अटक झालीच तर तिची कारणे जाणून घेण्याचा, वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर केले जाण्याचा हक्क घटनेच्या २२व्या अनुच्छेदाने प्रत्येकाला दिला आहे.

‘कागद मागितला तर काम जाईल’

मी हे बोलू लागलो म्हणजे वडीलधारी माणसे म्हणतात, “वकीलसाहेब, कागद मागणाऱ्याला कोण कामावर घेईल? दारात दुसरी दहा पोरे उभी आहेत.” हे म्हणणे खोटे नाही. भूक असलेल्या घराला कायद्याचे पुस्तक वाचून दाखविणे सोपे असते, याची मला जाणीव आहे. मीही अशाच घरातून आलो आहे.

तथापि त्यालाही उत्तर आहे. एकट्याने मागू नये. चौघांनी मिळून मागावे. हंगाम तोंडावर आला असता ठेकेदारालाही हात हवे असतात, आणि शिकलेले हात रस्त्यावर पडलेले नसतात. त्याने छापील पत्र दिले नाही, तर आपण मोबाईलवर त्याला संदेश पाठवावा: ‘अमुक तारखेपासून, अमुक शहरात, दर पॉइंटला इतके, राहणे कोणाकडे, जाण्यायेण्याचे भाडे कोणाकडे, ठीक आहे ना?’ त्याने ‘ठीक’ एवढे उत्तर दिले तरी तो कागद झाला. मूळ प्रमाणपत्र कोणाच्याही हाती देऊ नये, प्रत द्यावी. उचल घेतली तर किती, हे लिहून ठेवावे. शिडीवर चढताना दोर आणि खाली धरणारा माणूस असल्याशिवाय चढू नये. पडल्यावर भरपाईचा हक्क मिळतो, पण मोडलेला पाय मिळत नाही. आणि घरच्यांनी रोज रात्रीचा हिशेब वहीत उतरवावा. हे काम आई करील, बहीण करील, बायको करील. ज्या घरात एक जण लिहिणारा आहे, त्या घराला ते अवघड नाही.

तंटा उभा राहिलाच तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७च्या कायद्याप्रमाणे अनुसूचित जातींच्या व्यक्तींना, स्त्रियांना आणि औद्योगिक कामगारांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. बौद्ध झाल्याने हा हक्क जातो, असा गैरसमज अजूनही काही घरांत आढळतो. १९९०च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांची ती शंका दूर केली आहे.

त्या तरुणाचे पुढे काय झाले, हे वाचक विचारतील. दुसऱ्या नोटिशीनंतर त्याचे मूळ प्रमाणपत्र टपालाने परत आले आणि ठेवून घेतलेले ६,००० रुपयेही आले. उरलेल्या वजावटीबद्दलचा अर्ज प्राधिकाऱ्यापुढे आहे. तो आम्ही चालविणार आहोत. गेलेली उमेदवारी मात्र कोणताही प्राधिकारी परत देऊ शकणार नाही.

येत्या हंगामात तो पुन्हा जाणार आहे. या वेळी वाड्यातील चौघे मिळून जात आहेत आणि दर, मुक्काम व भाडे यांविषयीचा ठेकेदाराचा लेखी संदेश चौघांच्याही मोबाईलवर आला आहे. त्याच्या बहिणीने या वेळी गणिताच्या वहीची मागची पाने घेतलेली नाहीत. तिने नवी वही आणली आहे आणि पहिल्या पानावर चौघांची नावे लिहिली आहेत. ज्या ज्या घरातून मुलगा हंगामाला निघणार आहे, त्या त्या घराने तो निघण्यापूर्वी अशी एक वही आणावी, एवढीच या लेखाची विनंती आहे.